बाहेरची कडी

ईरा आणि नील, मागच्या रविवारी फोनवर ईराने मला विचारलं, "आजी, आपल्यात पुराची गोष्ट कुठली आहे?" शाळेत तिला वेगवेगळ्या धर्मांतल्या जलप्रलयाच्या कथा शेजारी शेजारी ठेवून त्यांत काय सारखं आणि काय वेगळं ते लिहायचं आहे. तुमचं शहर समुद्राच्या पातळीखाली, बांधाच्या आडोशाला वसलेलं, तेव्हा तिथल्या शाळेने हा विषय द्यावा यात नवल नाही. मी तिला मनूची आणि माशाची गोष्ट सांगितली. नील मध्येच म्हणाला, "मासा एवढा मोठा झाला तर त्याला खायला काय घालायचं?" आणि आपण हसलो. फोन ठेवल्यावर चहा केला आणि तो तसाच गार झाला. आपल्या घरातही पुराची एक गोष्ट आहे, आणि ती मी तुमच्या आईलासुद्धा कधी पूर्ण सांगितलेली नाही. मला सगळं क्रमाने मांडायची सवय आहे, त्याबद्दल तुम्ही मला हसता. या गोष्टीचा क्रम मात्र माझ्या हातात राहील की नाही, सांगता येत नाही.

आमचं घर पंचवटीत होतं, घाटामागच्या एका बोळात. वाडाबिडा नव्हता. ओळीने तीन खोल्या, आणि चार पायऱ्या उतरून गेलं की मागे स्वयंपाकघर. ते सगळ्या घरापेक्षा खाली होतं आणि त्याची मागची भिंत मातीची होती. भिंतीपलीकडे वाघाडी नाला. उन्हाळ्यात नाल्यात शेळ्या चरायच्या, पावसाळ्यात तो घोट्याएवढ्या पाण्याने खळखळायचा. त्याला कुणी मोजत नसे. आमचं सगळं लक्ष पुढच्या अंगाला, गंगेकडे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. माझे वडील, म्हणजे नाना, रामकुंडावर उपाध्याय होते. लांबून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं करायचे. पहाटे नानांच्या खडावांचा आवाज, मग घाटावरच्या घंटा, मग भाजीबाजारातल्या हातगाड्या, असा आमचा दिवस आवाजांनीच उजाडायचा. घरात एक तरी इंग्रजी बोलणारं माणूस असावं, असं नानांच्या मनाने कुठूनसं घेतलं, आणि मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला नन्सच्या शाळेत घातलं. बोळातल्या बायका आईला विचारायच्या, "मुलीला मडमीण करणार का हो?" आई म्हणायची, "झाली तर होऊ दे, निदान भांडी घासायला बाई ठेवेल."

घरात आम्ही चौघं. नाना, आई, मी आणि काकू. काकू म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको. काका लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापाने गेले, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. काकूचं माहेर येवल्याकडचं, कोरड्या मुलखातलं. तिने लहानपणी पाणी म्हटलं की विहिरीच्या तळाशी चमकणारं तेवढंच पाहिलेलं. ती नाशिकला आली ती गंगाकाठी, आणि विधवा झाल्यावर तिचा मुक्काम बहुतेक मागच्या स्वयंपाकघरातच. तिच्या हाताला चव होती. कटाची आमटी ती अशी करायची की बोळाच्या तोंडाशी वास यायचा आणि नाना चालता चालता म्हणायचे, "आज इंदूने आमटीला चिंच बेताची घातलीय." एवढंच कौतुक. ती ऐकायची, पण ऐकलं नाही असं दाखवायची.

सणावाराचा, नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा. तुम्हाला हा शब्द माहीत नसेल. अंघोळ करून, वेगळ्या ठेवलेल्या लोकरी धाबळीत, कुणालाही न शिवता रांधायचं, आणि कुणी शिवलं की पुन्हा पहिल्यापासून अंघोळ. मी शाळेतून धावत येऊन त्याच कपड्यांनी काकूच्या गळ्यात पडायची. दोनदा-तीनदा तिला भर थंडीत पुन्हा अंघोळ करावी लागली. तेव्हापासून सोवळ्याच्या दिवशी ती स्वतःच आईला सांगायची, "वहिनी, बाहेरून कडी लावा बरं. नाहीतर आपली मडमीण येऊन शिवेल." आई कडी लावायची. स्वयंपाक झाला की काकू आतून पळी वाजवायची, आणि आई कडी काढायची. दोघींचं ठरलेलं होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मी दाराच्या फटीला तोंड लावून आतल्या काकूशी गप्पा मारायची. माझ्या लहानपणातल्या निम्म्या गोष्टी मी त्या फटीतून सांगितल्या आणि ऐकल्या आहेत.

आमच्याकडे पूर कसा मोजतात ते तुमच्या इंजिनिअर बाबांना सांगून मी एकदा हसवलं होतं. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाणी तिच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशी गावभर बातमी होते. अजूनही होते, आता फोनवर फोटो येतात एवढाच फरक. मारुतीच्या कमरेला पाणी आलं की पूर आला असं धरायचं, आणि बोळातल्या सवाष्णी खण-नारळ घेऊन गंगेची ओटी भरायला निघायच्या. छातीला लागलं की सामान वर चढवायचं, असा नानांचा नियम, त्यांच्या वडिलांपासून आलेला. तो कधी चुकला नव्हता.

काकूला ओटी भरायला जाता येत नसे. विधवेने ओटी भरायची नाही, आणि भरायला निघालेल्या बायकांना सामोरंही यायचं नाही. आम्ही निघालो की ती आत सरायची. आणि परतलो की मला जवळ बसवून एकेक विचारायची. "रंग कसा होता गं?" "चहासारखा." "दूध घातलेल्या की कोऱ्या?" "दूध घातलेल्या." "काय काय वाहून आलं?" मी सांगायची, ओंडके, भोपळे, एक खाट, खाटेवर बसलेली कोंबडी. कोंबडी मी बनवलेली असायची आणि तिला ते कळायचं. "खाटेवर उशी नव्हती का कोंबडीला?" असं ती गंभीर चेहऱ्याने विचारायची. मग म्हणायची, "मला ओटी नको भरू दे एक वेळ. पण एकदा पायरीशी उभं राहून बघायचंय मला. इतका आवाज ऐकते, पुरातलं तोंड नाही बघितलं कधी तिचं."

त्या वर्षी शाळेत सिस्टर क्लेअरने आम्हाला नोहाची गोष्ट शिकवली. उंच, फिकट बाई, उन्हात नाक लाल व्हायचं. तिने फळ्यावर तारू काढलं, त्यात जिराफाची मान खिडकीबाहेर. मग म्हणाली, अशी गोष्ट जगात पुष्कळ लोकांकडे आहे, तुमच्या घरी जी सांगतात ती विचारून या, आपण सगळ्या एकमेकींशेजारी ठेवू. म्हणजे ईरा, तुझा अभ्यास मी तुझ्याआधी केलेला आहे. घरी येऊन मी फटीतून काकूला नोहाची गोष्ट सांगितली. देव रागावला, तारू बांधलं, प्राण्यांच्या जोड्या आत गेल्या, दार बंद झालं, पाऊस सुरू झाला.

"दार कुणी लावलं?" काकूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला विचारलं. तिलाही ते आठवेना, तिने पुस्तक उघडून पाहिलं, आणि जरा चकित होऊन म्हणाली, "देवाने लावलं." मी धावत घरी.

"देवाने लावलं, काकू!"

"बाहेरून?"

"बाहेरूनच असणार. नोहा आत होता ना."

काकू हसली. पळीचा आवाज थांबला. "म्हणजे देवाचंही सोवळं होतं म्हणायचं. कुणी शिवू नये म्हणून कडी." मग म्हणाली, "आणि बाहेर राहिले त्यांचं काय?"

"बुडाले."

"सगळे?"

"सगळे. ते वाईट होते."

"पोरंबाळंसुद्धा?"

हे विचारायला मी नानांकडे गेले. नाना जेवण करून सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मनूची गोष्ट सांगितली, आणि ते सांगायचे सुरेख. ओंजळीत आलेला इवलासा मासा म्हणतो मला वाचव, मी तुला वाचवीन. घागरीत मावेना, खड्ड्यात मावेना, शेवटी समुद्रात सोडला. मग पूर आला, माशाच्या शिंगाला नावेची दोरी बांधली, आणि उत्तरेच्या पर्वताला नाव लागली. पाणी ओसरल्यावर मनू एकटा. त्याने पाण्यात तूप, दही अर्पण केलं, आणि वर्षभराने त्यातून एक मुलगी उभी राहिली. मी विचारलं, "बाकीचे कुठे गेले?" नाना म्हणाले, "बाकीचं सगळं पाण्याने नेलं. प्रलय म्हणजे काय मग? त्यात विचारायचं काय आहे?" फटीतून काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "मासा बरा वाटला मला. केलेलं विसरला नाही."

पेठकडच्या डोंगरातून पत्रावळींसाठी पळसाची पानं घेऊन एक बाई यायची. तिला मी ओट्यावरच गाठलं. ती म्हणाली, हो, आमच्यातबी हाय, भाऊ-बहीण मोठ्या भोपळ्यात बसून तरली, पानी सरलं तवा दोघंच. काकूने आतून ओरडून विचारलं, "आणि बाकीचे?" बाई म्हणाली, "कोण जाणं बाई. पानं घ्या लवकर, माझी मोटार जाईल."

माझ्या बाकावर नसीम बसायची, जुन्या नाशकातली. तिची गोष्ट तिच्या दादीची, आणि ती वेगळीच निघाली. तिच्याकडे नोहाला नूह म्हणतात. नूहचा एक मुलगा तारवात येतच नाही. बाप लाटांतून हाक मारतो, बाळा, ये आमच्याबरोबर बैस. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर चढेन, डोंगर मला वाचवील. तेवढ्यात दोघांच्या मध्ये लाट येते. नसीम हे सांगताना आवाज बारीक करायची, दादीसारखा. मी तसाच आवाज काढून काकूला सांगितलं. त्या दिवशी सोवळं नव्हतं, दार उघडं होतं, ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"बापाने हाक मारली होती ना?"

"हो. दोनदा-तीनदा."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. "हाक तरी मारली."

मला तेव्हा याचा अर्थ कळला नाही. कळावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी फक्त गोष्टी गोळा करत होते, शिंपल्यांसारख्या.

मग श्रावणातला तो शुक्रवार आला. श्रावणी शुक्रवारी घरात जिवतीची पूजा असते, मुलाबाळांच्या आयुष्यासाठी. पुरणाचा स्वयंपाक, पुरणाच्याच दिव्यांची आरती, आणि संध्याकाळी सवाष्णींना दूध आणि फुटाणे. त्र्यंबकच्या डोंगरांत सारखा पाऊस लागला होता, शाळेला सुट्टी होती. सकाळपासून बोळातून आरोळ्या येत होत्या. "गुडघ्याला लागलं!" मग थोड्या वेळाने, "मांडीला लागलं!" आदल्या दिवशी आईने काकूला शब्द दिला होता. नैवेद्य दाखवून झाला, बायका परतल्या, की घाटावर गर्दी कमी होईल, तेव्हा मी तुला नेते. नानांना मी समजावते. काकू पहाटेच उठली होती. धाबळी नेसून चुलीपुढे बसण्याआधी तिने तिचं ठेवणीतलं फिकट निळं लुगडं काढून माझ्या हाती दिलं. "वर खुंटीवर टांग गं. स्वयंपाक झाला की बदलेन. तिच्या भेटीला धाबळीत कशी जाऊ?" मग आईला म्हणाली, "वहिनी, कडी लावा. आज लवकर उरकते." आणि आत गाणं गुणगुणत पुरण वाटायला बसली. पाट्यावर वरवंटा फिरल्याचा तो ओला, जड आवाज मला अजून ऐकू येतो. आता पुरण यंत्रातून निघतं, मऊ असतं, आणि मला नको वाटतं.

"कमरेला लागलं!" अशी आरोळी आली तशी आई उठली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. मी नानांना म्हणाले, "काकूला आत्ताच घेऊ या की बरोबर."

नाना उपरणं सावरत म्हणाले, "ती सोवळ्यात आहे. नैवेद्य होऊ दे. गंगा काय पळून जाते?"

ते रागाने म्हणाले नाहीत. सहज म्हणाले, हसत. काकूने आतून ऐकलं असावं, कारण तिचाही आवाज आला, "जा तुम्ही. रंग बघून ये गं!"

घाटावर सगळी पंचवटी लोटली होती. छत्र्या, टोप्या, खांद्यावर मुलं. गंगा तोंड पसरून वाहत होती आणि आवाज इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. सगळ्यांच्या नजरा मारुतीवर. कुणी म्हणे अजून कमरच, कुणी म्हणे नाही, वर सरकलं. नाना अनुभवी म्हणून लोक त्यांना विचारत होते, आणि ते हात वर करून सांगत होते, "छाती लांब आहे अजून. घाबरायचं कारण नाही." ते खरंच होतं. छाती लांब होती. आईने पायरीवर वाकून ओटी सोडली. मी रंग बघितला. कोऱ्या चहासारखा होता त्या दिवशी. आणि एक लाकडी पाळणा वाहत गेला, खरोखरचा. रिकामा. मी तो काकूला कसा सांगायचा ते मनात जुळवत होते.

गंगा इतकी चढली होती की वाघाडीला तिच्यात शिरायला जागा उरली नाही. नाल्याचं पाणी उलटं फिरलं, आणि त्याच्यामागे डोंगराकडचा लोंढा येतच होता. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. आम्ही सगळे गंगेकडे तोंड करून उभे होतो, आणि पाणी आमच्या पाठीमागून आलं. बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा आमच्या घराच्या बाजूने पाणी आमच्याकडे येत होतं. आई क्षणभर उभी राहिली. मग तिने ताट टाकलं. नाना तिच्या पुढे धावले, उपरणं पाण्यात पडलं. मला शेजारच्या बाईने दंडाला धरून तिच्या ओट्यावर ओढलं. आईने एकच शब्द ओरडून म्हटला. "कडी!"

नानांनी पाण्यात हात घालून कडी काढली. दार ढकललं. मी ओट्यावरून आमच्या खिडकीतून, ओळीतल्या उघड्या दारांपलीकडे पाहत होते, आणि मला पहिल्यांदा काय दिसलं तर उजेड. त्या स्वयंपाकघरात कधी नव्हता एवढा उजेड. मागची भिंतच नव्हती. चुलीच्या जागी नाला वाहत होता. पण वरची फळी शाबूत होती, आणि तिच्यावर नैवेद्याचं सगळं, पुरण, भात, कटाची आमटी, एकेक भांडं झाकून नीट ओळीने ठेवलेलं होतं. पाणी आत यायला लागल्यावर तिने आधी ते वर चढवलं होतं. मग तिने पळी वाजवली असेल. हाका मारल्या असतील. बोळातलं सगळं माणूस घाटावर होतं, आणि गंगेचा आवाज तर तुम्हाला सांगितलाच.

ती दुसऱ्या दिवशी तपोवनाच्या अंगाला सापडली. मला बघू दिलं नाही. निळं लुगडं वर खुंटीवरच होतं. आईने ते नेऊन दिलं, आणि ते तिला नेसवलं.

आता जे सांगणार आहे ते ईराच्या अभ्यासाच्या कामाचं आहे. गोष्टी कशा तयार होतात ते मी डोळ्यांसमोर पाहिलं. तेराव्याच्या आत बोळात म्हणायला लागले, भाग्यवान बाई, श्रावणी शुक्रवारी गंगेने पदरात घेतलं. नाल्याचं नाव कुणी काढेना. मग नाना बाहेरगावच्या यजमानांना सांगू लागले, पूर बघायला घाटावर गेली होती, पाय घसरला. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. नाना खोटं बोलणारे नव्हते. मला वाटतं, रोज सांगता सांगता त्यांना ते दिसायला लागलं होतं. त्या गोष्टीत दार नव्हतं, कडी नव्हती, कुणी कुणाला मागे ठेवलं नव्हतं. आणि त्या गोष्टीत काकू घाटाच्या पायरीवर उभी होती, गंगेकडे बघत. जिवंतपणी न मिळालेली जागा तिला गोष्टीत मिळाली.

आई ती गोष्ट कधी सांगत नसे आणि कुणी सांगितली तर उठून आत जाई. पाणी ओसरल्यावर, भिंत पुन्हा उभी राहायच्या आधी, एका दुपारी ती पक्कड घेऊन त्या दारापाशी बसली. कडीचे खिळे गंजून फुगले होते. निघता निघेनात. नाना म्हणाले, "अगं, सुताराला सांगतो." ती वळलीसुद्धा नाही. सगळी दुपार लागली. शेवटी कडी निघाली तेव्हा आईच्या तोंडातून जो आवाज आला तो मी त्याआधी एकदाच ऐकला होता, शेजारणीच्या बाळंतपणाच्या वेळी, भिंतीपलीकडून. तुमच्या आईने लहानपणी विचारलं होतं, आपल्या घरात एकाही खोलीला बाहेरून कडी का नाही म्हणून. तुमचे आजोबा म्हणायचे, तुझ्या आईची हौस. त्यांना माहीत होतं.

शाळा सुरू झाल्यावर सिस्टर क्लेअरने गोष्टी सांगायला एकेकीला उभं केलं. माझी पाळी आल्यावर मी मनूची सांगितली. मासा, दोरी, पर्वत. सिस्टरने फळ्यावर रकाने आखले होते. पूर का आला, कोण वाचलं, कशातून वाचलं, शेवटी काय झालं. सुबक रकाने होते. त्यांत मागे राहिलेल्यांचा रकाना नव्हता. नसीमने बाकाखालून माझा हात धरला होता, एवढं आठवतं.

पुढे मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला, आणि अशी कुठलीही गोष्ट हाती आली की सोडली नाही. बाबिलोनकडे मातीच्या पाट्यांवर कोरलेली एक फार जुनी कथा आहे. तिच्यात ज्या देवांनी पूर आणला तेच पुराला भितात, आणि भिंतीच्या कडेला कुत्र्यांसारखे अंग चोरून बसतात. एक देवी बाळंतिणीसारखी ओरडते की मीच जन्माला घातलेली माणसं मीच कशी बुडू दिली. ते वाचलं त्या संध्याकाळी मला पुढे वाचवेना. आईची पक्कड आठवली. विद्वानांची तुलना वेगळी असते, कुठली कथा आधीची, कुठली कुठून आली. माझी तुलना एवढीच राहिली आहे. मी प्रत्येक कथेत आधी दार शोधते. नोहाच्या कथेने दार लपवलं नाही, म्हणून मला तिच्याबद्दल आदर वाटतो. नसीमच्या कथेत हाक आहे. आपल्या मनूच्या कथेत मागे राहिलेल्यांबद्दल एक अवाक्षर नाही, आणि तीच मला सर्वांत ओळखीची वाटते, कारण आमच्या घरात तेच झालं. ईरा, हे तुझ्या अभ्यासात लिहायचं की नाही ते तू ठरव.

यंदाही श्रावणात मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. शेजारच्या मुलाने फोनवर फोटो दाखवला. तुमचे आजोबा गेल्यापासून मी घाटावर गेले नव्हते. माझ्यासारखीने ओटी घेऊन जायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको. कपाटातून नवा खण काढला, निळा होता. नारळ, तांदूळ, आणि मूठभर फुटाणे. दार नुसतं ओढून घेतलं आणि रिक्षा केली. गर्दी होती, मुलं पाण्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. पायरीवर एक तरुण बाई ओटी सोडत होती. माझ्या हातातलं ताट बघून तिने हात पुढे केला, मग माझा मोकळा गळा बघून घुटमळली.

"आजी, तुम्ही... म्हणजे, तुम्हाला चालतं का? द्या, मी सोडते."

"माझी नाही ती," मी म्हणाले. "माझ्या काकूची आहे."

तिला काही कळलं नसेल. पण तिने माझं कोपर घट्ट धरलं आणि मला ओल्या पायरीवर वाकू दिलं. खण पाण्यावर एकदा गोल फिरला आणि गेला. रंग दूध घातलेल्या चहाचा होता. मी उभी राहिले आणि काकूला हाक मारली. चांगली मोठ्याने मारली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तेवढ्या आवाजात. गंगेच्या आवाजात कोपर धरून उभ्या असलेल्या त्या बाईलाही ती ऐकू गेली नाही.